चौपदरीतून दुपदरी: ग्रीनव्हिलच्या मेन स्ट्रीटची पन्नास वर्षं

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीनव्हिल शहराचा मेन स्ट्रीट पाहायला आज इतर शहरांचे नगरसेवक आणि नियोजक येतात. रुंद पदपथ, दोन्ही बाजूंना सावली धरणारी झाडं, उपाहारगृहांनी बाहेर मांडलेली टेबलं, आणि दक्षिणेकडे चालत गेलं की ऐन शहरात रीडी नदीचा धबधबा. हे सगळं इतकं देखणं आहे की यशाचं श्रेय आपोआप पदपथाला आणि झाडांना जातं. गेल्या पन्नास वर्षांचा क्रम लावून पाहिला तर मात्र हे श्रेय बरंच वाढवून दिलेलं दिसतं. पहिल्या कामाचं फळ दिसत नसतानाही पुढच्या कारभाऱ्यांनी ते मोडून टाकलं नाही, उलट त्याला जोडून पुढचं काम केलं. ग्रीनव्हिल सावरलं ते प्रामुख्याने या चिकाटीमुळे, असं माझं मत आहे.

गाव मूळचं कापडाचं. स्वतःला जगाचं कापडकेंद्र म्हणवून घेणाऱ्या या शहरात गिरण्या भोवताली पसरलेल्या आणि खरेदीला मात्र सगळ्यांनी मेन स्ट्रीटवर यायचं, अशी घडी होती. ती 1960च्या दशकात विसकटली. लोक गाड्या घेऊन उपनगरांत राहायला गेले आणि दुकानं त्यांच्यामागे गेली. 1968 साली मॅकॅलिस्टर स्क्वेअर हा बंदिस्त मॉल उघडला, 1980 साली हेवुड मॉल आला. मेन स्ट्रीट तेव्हा चौपदरी होता, म्हणजे गाड्यांना सुसाट निघून जाण्याची सोय उत्तम आणि थांबण्याचं कारण काहीच नाही. पण त्याआधीच्या भरभराटीच्या आठवणी काढताना एक गोष्ट विसरता येत नाही. याच मध्यवस्तीतल्या क्रेसच्या दुकानात 1960 साली जेवणाच्या काउंटरवर बसल्याबद्दल कृष्णवर्णीय तरुणांना अटक झाली होती. वंशभेद सक्तीचा करणारा शहराचा नियम त्यामागे होता, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 साली त्यांची शिक्षा रद्द केली. जो रस्ता पुन्हा उभा करायचा होता तो पूर्वी सगळ्यांचा होता, असं म्हणण्याची सोय ग्रीनव्हिलला नव्हती.

ओस पडलेल्या बाजारपेठांवर त्या काळी सगळीकडे एकच उपाय सुचवला जाई: रस्ता वाहनांना बंद करा आणि तिथे पादचाऱ्यांचा चौक करा. या उपायाचे प्रवर्तक व्हिक्टर ग्रुएन. मिनियापोलिसजवळचा साउथडेल हा अमेरिकेतला पहिला पूर्ण बंदिस्त मॉल 1956 साली त्यांनीच बांधला होता. मॉलने पळवलेलं गिऱ्हाईक परत आणायचं तर रस्त्यालाच मॉलसारखं करावं, हा त्यांचा तर्क. 1959 साली कलामाझू शहरात असा देशातला पहिला रस्ता तयार झाला, 1964 साली फ्रेस्नोचा फुल्टन मॉल झाला, आणि पाहता पाहता सुमारे 200 शहरांनी हा कित्ता गिरवला. त्यांतले बहुतेक प्रयोग फसले. कलामाझूने 1998 साली काही भागात गाड्या परत आणल्या, फ्रेस्नोने 2017 साली. फ्रेस्नोच्या रस्त्यावर कारंजी होती, शिल्पं होती, सावली होती, त्यामुळे आरेखनाला दोष देता येत नाही. तिथे उणीव होती माणसांची. मध्यवस्तीत राहणारे कमी, संध्याकाळनंतर येण्याचं कारण नाही, आणि शहर तर बाहेरच्या बाजूला पसरतच चाललेलं. दुकानं गेली कारण गिऱ्हाईक गेलं होतं, आणि गिऱ्हाईक गेलं कारण घरं गेली होती. फरसबंदीने ही साखळी उलटी फिरत नाही.

ग्रीनव्हिलमध्ये हा विषय हाती घेतला तो मॅक्स हेलर यांनी. ते 1971 ते 1979 महापौर होते. ग्रुएन यांच्याप्रमाणे तेही व्हिएन्नाचे ज्यू, आणि नात्झींच्या तावडीतून 1938 सालीच निसटलेले. ग्रीनव्हिलमध्ये आधी शर्टच्या कारखान्यात कामगार आणि पुढे स्वतःच्या कारखान्याचे मालक झालेल्या या माणसाच्या मनात युरोपातल्या शहरांचे चालण्याजोगे रस्ते होते. तरीही त्यांनी रस्ता बंद केला नाही. लॉरेन्स हॅल्प्रिन या नामवंत भूदृश्यकाराकडून आराखडा करून घेऊन त्यांनी चार पदरांचे दोन केले, तिरप्या पार्किंगची सोय केली, उरलेल्या जागेत पदपथ वाढवले आणि झाडं लावली. गाडी येऊ शकेल पण सावकाशच जाईल, असा हा मधला मार्ग होता. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी सोबत केलेलं दुसरं काम. रस्त्याच्या उत्तर टोकाला मोठं हॉटेल आणण्यासाठी त्यांनी केंद्र सरकारचं अनुदान आणि खासगी भांडवल यांची मोट बांधली आणि सार्वजनिक भागाचा खर्च शहरावर घेतला. हयात रीजन्सी 1982 साली उघडलं तेव्हा हेलर पदावर नव्हते. ग्रीनव्हिलचा महापौर आपल्याकडच्या महापौरासारखाच. दैनंदिन कारभार नेमलेल्या व्यवस्थापकाच्या हाती. त्यामुळे त्यांचं वजन हुकमात नव्हतं, माणसं जोडण्यात होतं.

त्यानंतरची वर्षं निराश करणारी होती. 1980च्या दशकात मेन स्ट्रीटवर झाडं मोठी होत होती आणि रिकामे गाळेही दिसत होते. अनेक शहरांनी अशाच टप्प्यावर सगळं उखडून जुनी चौपदरी परत आणली असती. ग्रीनव्हिलने दुसरं टोक धरलं. 1990 साली नदीकाठच्या जुन्या औद्योगिक जागेवर पीस सेंटर हे नाट्य-संगीतगृह उभं राहिलं, आणि लोकांना रात्री तिकडे येण्याचं कारण मिळालं. बंद पडलेलं 1925 सालचं पॉइनसेट हॉटेल 2000 साली पुन्हा उघडलं. मग सर्वांत वादग्रस्त निर्णय आला. 1960 साली शहराने धबधब्याच्या थेट डोक्यावरून चौपदरी कॅम्परडाउन पूल जाऊ दिला होता. 1995च्या अखेरीस महापौर झालेले नॉक्स व्हाइट यांनी तो पाडायचा आग्रह धरला. धडधाकट पूल पाडणं हा उधळेपणा आहे, वाहतूक कोंडेल, असे आक्षेप आले, आणि ते खोडसाळ नव्हते. 2002 साली पूल पडला, 2004 साली तिथे फॉल्स पार्क आणि मिगेल रोझालेस यांचा वक्र पादचारी पूल झाला. हेलर डेमोक्रॅट, व्हाइट रिपब्लिकन. पूर्वसुरींचं काम पुसून आपली पाटी लावण्याचा मोह कोणत्याही पक्षाला होतो. इथे तो टाळला गेला, आणि पूल पाडण्याच्या धैर्याइतकंच मोल मी त्यालाही देतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो: मिशलिन आणि बीएमडब्ल्यूसारख्या कंपन्या आल्या, पैसा आला, रस्ता सुधारला, नगरसेवकांचं कर्तृत्व ते काय? बीएमडब्ल्यूचा जवळच्या ग्रीर गावातला कारखाना 1992 साली जाहीर झाला, म्हणजे हयात उघडल्यानंतर दहा वर्षांनी. शिवाय पैसा आला म्हणून तो मध्यवस्तीत येतोच असं नाही. 1960च्या दशकातही या परिसरात पैसा होता आणि तो मॉलकडे गेला. दुसरा आक्षेप निसर्गाच्या देणगीचा. धबधबा तर शतकानुशतकं तिथेच आहे. शहराने त्यावर पूल घातला, गिरण्यांनी नदी घाण केली, आणि गार्डन क्लबच्या महिला 1967पासून तिथली जागा परत मिळवायला झटत होत्या. देणगी ओळखायला शहराला जवळपास चार दशकं लागली.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र माझ्याकडे असं उत्तर नाही. मेन स्ट्रीट जितका वधारला तितक्या लगतच्या वस्त्यांतल्या जमिनीच्या किमती चढल्या, आणि त्याची झळ पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या कृष्णवर्णीय कुटुंबांना सर्वाधिक बसली. परवडणाऱ्या घरांसाठीचा ग्रीनव्हिल हाउसिंग फंड 2018 साली स्थापन झाला. साउदर्नसाइड भागात, जिथे वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी वेगळं मैदान राखलं होतं, तिथे युनिटी पार्क 2022 साली उघडलं, आणि उद्यानालगतची शहराची काही जमीन परवडणाऱ्या घरांसाठी राखली गेली. निर्णय योग्य, पण फार उशिरा झालेला. हॉटेलासाठी सार्वजनिक पैसा आधी घालून धोका पत्करण्याची रीत या शहराला 1970च्या दशकातच ठाऊक होती. त्याच वेळी, जमीन स्वस्त असताना, मेन स्ट्रीटपासून चालण्याच्या अंतरावर घरांसाठी भूखंड घेऊन ठेवणं त्याच रीतीत बसलं असतं आणि नंतरच्या खर्चाच्या तुलनेत फार थोडक्यात झालं असतं. ग्रीनव्हिलकडून शिकायला येणाऱ्या शहरांनी हेलर यांच्या आराखड्यासोबत ही राहून गेलेली खरेदीही नोंदवून न्यावी, आणि आपल्या रस्त्यावरचं पहिलं झाड लावण्याआधी ती करावी.