बार्शी लाइट आणि ‘छाटणी’चा अर्थ

पंढरीच्या वारकऱ्यांना कुर्डुवाडीहून अडीच फुटी रुळांवरून नेणारी बार्शी लाइट रेल्वे वडीलधाऱ्यांच्या आठवणीत अजून असेल. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारने ताब्यात घेतली आणि आदल्या दिवशी कंपनीने आपल्या नोकरांच्या चाकऱ्या संपविल्या. बहुतेकांना सरकारने पुन्हा कामावर घेतले. परंतु जुन्या मालकाकडे झिजविलेल्या वर्षांचे काय?

कायदा नव्हता असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली भर पडली होती. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराची छाटणी करावयाची, तर महिन्याची नोटीस किंवा तितका पगार आणि नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार मालकाने द्यावा. मुंबई हायकोर्टाने कामगारांचा हक्क मानला. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी सुप्रीम कोर्टाने तो नाकारला. छाटणी म्हणजे चालू धंद्यातील जादा माणसे कमी करणे. धंदाच बंद पडला वा दुसऱ्याच्या हाती गेला, तर ती छाटणी नव्हे!

मराठीच्या मास्तराला हा अर्थ चटकन पटतो. छाटणी उभ्या झाडाची होते, तोडलेल्याची नव्हे. पण घरी बसलेल्या माणसाच्या चुलीला हा शब्दभेद कसा कळावा? दहांना काढणाऱ्याने भरपाई द्यावी, आणि सगळ्यांना काढणारा मोकळा सुटावा, हा कुठला न्याय?

१९५७ साली कायदा दुरुस्त झाला. धंदा बंद केला तरी भरपाई आली. धंदा विकला, तर नव्या मालकाने जुनी नोकरी धरून तितक्याच चांगल्या अटींवर माणसे ठेवली नाहीत, तेव्हाही आली. अगदी अपरिहार्य कारणाने कारखाना मिटला, तर तीन महिन्यांच्या पगाराची मर्यादा. मात्र नुसती पैशाची ओढाताण किंवा गुदामात पडलेला माल ही सबब चालत नाही. दुरुस्तीचा अंमल २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. बार्शी लाइटची माणसे तेवढी बाहेर राहिली.

पुढे १९७६ साली ३०० कामगारांच्या कारखान्यांना सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची झाली. १९८२ च्या दुरुस्तीने तो आकडा १०० वर आणला. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या नव्या संहितेने पुन्हा ३०० केला. भरपाईचा मूळ दर मात्र १९५३ चाच आहे: वर्षामागे १५ दिवस.