अतिसंवाहकता, उच्च तापमानीय : सैद्धांतिक प्रतिमाने

तांबे व ऑक्सिजन यांच्या अणूंचे सपाट थर असलेल्या काही संयुगांत विद्युत् रोध तुलनेने बऱ्याच उच्च तापमानास पूर्णपणे नाहीसा होतो. येथे ‘उच्च’ हा शब्द सापेक्ष आहे. वातावरणीय दाबाखाली या वर्गातील पारायुक्त संयुगाने गाठलेली सु. १३५ के. ही मर्यादादेखील –१३८° से. एवढी थंड आहे.

धातूंतील अतिसंवाहकतेचा सिद्धांत जे. बार्डीन, एल्. एन्. कूपर व जे. आर्. श्रीफर यांनी १९५७ मध्ये मांडला. त्यानुसार स्फटिक जालकाच्या कंपनांमुळे दोन इलेक्ट्रॉनांत क्षीण आकर्षण निर्माण होऊन त्यांची युग्मे बनतात. जे. जी. बेडनॉर्ट्‌स व के. ए. म्यूलर यांनी १९८६ मध्ये लँथॅनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडात सु. ३० के. तापमानास अतिसंवाहकतेची चिन्हे पाहिली. पुढील वर्षी इट्रियमयुक्त संयुगाने द्रव नायट्रोजनाचा उकळबिंदू (७७ के.) ओलांडला. एवढ्या तापमानास केवळ कंपनजन्य आकर्षण पुरेसे पडेल, असे बहुतेक भौतिकीविज्ञांना वाटेना.

खरे कोडे मूळ संयुगातच आहे. लँथॅनम कॉपर ऑक्साइड हे साध्या गणिताप्रमाणे संवाहक असावयास हवे. प्रत्यक्षात ते निरोधक आहे. तांब्याच्या प्रत्येक अणूपाशी एकेक इलेक्ट्रॉन असतो व एकाच अणूवर दोन इलेक्ट्रॉन आल्यास प्रबळ प्रतिसारण होते. नाट्यगृहातील सर्व खुर्च्या भरल्या असता कोणासही जागा बदलता येत नाही, तशी ही अवस्था असते. शेजारच्या इलेक्ट्रॉनांची परिवलने मात्र परस्परविरुद्ध राहतात. लँथॅनमाऐवजी थोडे स्ट्राँशियम घातले की, काही खुर्च्या रिकाम्या होतात. हे प्रमाण सु. ५ टक्क्यांवर गेले की अतिसंवाहकता प्रकटते, सु. १६ टक्क्यांस ती कमाल होते व पुढे पुन्हा लोपते.

पी. डब्ल्यू. अँडरसन यांनी १९८७ मध्ये सुचविलेल्या अनुस्पंदी संयुजाबंध प्रतिमानानुसार युग्मे निरोधकातच तयार असतात. रिकाम्या जागांमुळे ती विद्युत् भार वाहू लागतात. या विचाराच्या आरंभीच्या विकासात जी. बास्करन यांचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अरुण परमेकांती, मोहित रंदेरिया व नंदिनी त्रिवेदी यांनी २००१ मध्ये याच धर्तीचे तरंग फलन घेऊन संगणकीय आकडेमोड प्रसिद्ध केली. रिकाम्या जागा वाढतात तसे युग्मबंधन दुबळे होते, परंतु युग्मांची चलनक्षमता शून्यापासून वाढत जाते. या दोहोंच्या ओढाताणीतून मधला उंचवटा निर्माण होतो, असे तीवरून दिसले. या प्रतिमानाचे सर्वांत मोठे यश हेच म्हणावे लागेल.

दुसऱ्या मतप्रवाहानुसार परिवलनांचे चढउतारच कंपनांची जागा घेतात. युग्माच्या तरंग फलनाचे चिन्ह ९०° वळल्यावर उलटते, हे १९९३-९४ च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले. तथापि दोन्ही प्रतिमाने तेच भाकीत करीत असल्याने या सुंदर प्रयोगांनी त्यांच्यातील वाद मिटला नाही. कमाल अतिसंवाहकतेच्या प्रमाणाजवळ सामान्य अवस्थेतील रोध तापमानाच्या समप्रमाणात का वाढतो, याचेही सर्वमान्य उत्तर यांपैकी कोणत्याच प्रतिमानाने दिलेले नाही.