पितळेची पकड

सुताराच्या हातोड्याचे डोके दांड्यावर ढिले झाले, म्हणजे तो त्या डोक्यावर घाव घालीत बसत नाही. हातोडा उभा धरून दांड्याचे खालचे टोक तो फरशीवर दोनतीनदा आपटतो, आणि दांडा फरशीवर थबकला तरी लोखंडी डोक्याला आपली गती त्या क्षणी टाकता येत नसल्यामुळे ते खाली सरकून दांड्यावर घट्ट बसते. जडत्वाचा हा धडा आपण सर्वांनी शाळेत गिरविलेला आहे. आज ज्या हत्याराविषयी लिहावयाचे योजिले आहे, ते याच तत्त्वावर, परंतु नेमक्या उलट कार्यासाठी, म्हणजे घट्ट बसलेली वस्तू सैल करण्यासाठी योजिलेले आहे. काडतुसातील दारूला न डिवचता त्याच्या तोंडाशी बसविलेली गोळी बाहेर उपसून काढणे, एवढेच त्याचे काम. बाजारात त्यास बुलेट पुलर म्हणतात. काडतूस भरण्याच्या विद्येवर पुष्कळ लिहिले गेले आहे; भरलेले काडतूस सुखरूप उकलण्याच्या विद्येवर त्या मानाने फारच थोडे. वास्तविक पाहता दुसरी विद्या पहिलीहून कमी महत्त्वाची नाही, आणि तिच्यातले शास्त्र तर अधिक मनोहर आहे.

हा विषय भंडाऱ्यात बसून लिहावासा वाटावा, याला दोन कारणे आहेत. नागपूरहून भंडाऱ्याकडे येताना महामार्गालगत जवाहरनगर लागते, तेथील आयुध निर्माणीत तोफा-बंदुकांना लागणारी प्रणोदके, म्हणजे गोळ्याला पुढे ढकलणारी दारू, आणि उच्च स्फोटके तयार होतात. 1 ऑक्टोबर 2021 रोजी जुन्या आयुध निर्माणी मंडळाची सात सरकारी कंपन्यांत वाटणी झाली, तेव्हापासून हा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या कंपनीच्या अंमलाखाली आहे. दुसरे कारण याहून पुष्कळ जुने. वैनगंगेच्या काठचे हे गाव पितळेच्या भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेले आहे. काडतूस म्हणजे तरी काय, दारू आणि पितळ यांचाच संसार. आणि त्या दोहोंचे ज्ञान एकाच जिल्ह्यात, एक कडेकोट बंदोबस्तात आणि दुसरे उघड्या आळीत, नांदत असावे ही गोष्ट मला नेहमीच विचार करावयास लावते.

काडतुसाची रचना थोडक्यात अशी. पितळेच्या पोकळ पुंगळीच्या बुडाशी आघाताने पेट घेणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. आपल्या सैन्याने एसएलआर रायफलीत दीर्घकाळ वापरलेले 7.62 मिलिमीटरचे काडतूस घेतले, तर त्याची गोळी सुमारे 9.5 ग्रॅम आणि दारू सुमारे 3 ग्रॅम भरते. गोळी पुंगळीत खिळ्याने, डिंकाने वा डाखाने जोडलेली नसते. पुंगळीची मान गोळीच्या जाडीपेक्षा साधारण 0.05 मिलिमीटर, म्हणजे एखाद्या बारीक केसाएवढी, अरुंद ठेवलेली असते. गोळी आत दाबताना मान तेवढी ताणली जाते, आणि पूर्ववत होण्याची तिची ओढ म्हणजेच गोळीवरील पकड. ही पकड सैल असेल तर हाताळताना वा मॅगझिनमधून चढताना गोळी मागे आत सरकते, दारूला मिळणारी जागा कमी होते आणि उडताना दाब नेमस्त मर्यादेबाहेर चढतो. कमीअधिक असेल तर एकाच लॉटमधील गोळ्यांचे वेग सारखे राहत नाहीत. म्हणून खडकीच्या 1869 सालच्या जुन्या कारखान्यासारख्या, किंवा जळगाव जिल्ह्यातील वरणगावसारख्या ठिकाणी, जेथे लहान शस्त्रांचा दारूगोळा तयार होतो, तेथे गोळी किती जोराने ओढली असता सुटते, ही मोजणी गुणवत्तेच्या तपासणीतील एक महत्त्वाची बाब असते.

या पकडीचे सारे रहस्य पितळेच्या स्वभावात आहे. पुंगळीचे पितळ म्हणजे स्थूलमानाने 70 भाग तांबे आणि 30 भाग जस्त. भंडाऱ्याच्या भांडी घडविणाऱ्या आळीत घटकाभर उभे राहिले, तर या धातूची प्रकृती कानांनीच कळते. नुकत्याच तावून काढलेल्या पत्र्यावर हातोडी पडू लागते तेव्हा आवाज बोदा, ओल्या मडक्यासारखा येतो. ठोके पडत जातात तसतसा तो चढत, खणखणीत होत जातो, आणि एका विशिष्ट टणत्कारावर कारागीर हातोडी थांबवून भांडे पुन्हा भट्टीत सरकवितो. कारण पुढचा घाव पडला तर काठ तडकेल, हे त्याला ठाऊक असते. ठोक्यांनी धातूच्या स्फटिकांतील विस्थापने, म्हणजे अणूंच्या रांगांतील दोष, एकमेकांत गुंतत जाऊन धातू कठीण व ठिसूळ होतो. तावला म्हणजे नवे, निर्दोष स्फटिक उगवून तो पुनश्च मऊ होतो. पोलाद तापवून पाण्यात बुडविले की कडक होते, तसे हे पितळ होत नाही. पुंगळीही याच क्रमाने जन्मास येते: पितळेची चकती आधी वाटीसारखी करावयाची, मग ती साच्यातून ओढून लांब करावयाची, तावावयाची, पुन्हा ओढावयाची, शेवटी बूड कडक राखावयाचे आणि मान मात्र पुनश्च ताव देऊन मऊ करावयाची. लष्करी काडतूस उजेडात तिरपे धरून पाहिले, तर मानेपासून खांद्यापर्यंत निळसर-जांभळी झाक पसरलेली दिसते. ती मळ नव्हे, त्या अखेरच्या तावाची खूण होय.

हा अखेरचा ताव का आवश्यक आहे, हे जगाला आपल्याच देशातील पावसाळ्याने शिकविले. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश हिंदुस्थानातील फौजांच्या हालचाली पावसाळ्यात मंदावत आणि दारूगोळा कोरड्या ऋतूपर्यंत तबेल्यांत साठविला जाई. पुढे पेट्या उघडाव्यात तो कोणी हातही न लावलेल्या पुंगळ्यांना भेगा पडलेल्या. ऋतूचा हा कोप मानून त्याला ऋतुभंग अशा अर्थाचेच नाव पडले. त्याची खरी उकल 1921 साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी केली. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, हवेतील ओलावा आणि घडविताना धातूत कोंडून राहिलेला ताण, या तिघांच्या संगनमताने पितळ आतून फाटते. यांपैकी एकाचा अभाव असला तरी भेग पडत नाही. घोडा आणि पाऊस तर टाळता येत नाहीत, म्हणून मंद ताव देऊन कोंडलेला ताणच काढून टाकणे हा उपाय ठरला. ज्या मानेने गोळी धरावयाची, तीच फाटली तर काडतुसात उरले काय?

आता मुख्य प्रश्न असा, की एवढ्या यत्नाने बसविलेली गोळी उपसावयाची कशासाठी? दारूचे माप चुकल्याची शंका आली, गोळी कमीअधिक खोल बसली, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जप्त काडतुसाचे अंतरंग तपासावयाचे झाले, किंवा कोठारात वर्षानुवर्षे पडलेल्या साठ्याची प्रकृती पाहावयाची झाली, म्हणजे हा प्रसंग येतो. यांतील शेवटचे कारण विदर्भाला विशेष लागू आहे. धूरविरहित दारूचा गाभा असलेले नायट्रोसेल्युलोज हे स्वभावतःच अस्थिर. ते कणाकणाने विघटत असते, त्यातून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे त्याच विघटनाला अधिक वेग देतात, आणि हे चक्र अनावर झाले तर दारू आपोआप पेट घेते. हे टाळण्यासाठी तिच्यात डायफिनाइलअमाइनसारखे स्थिरक मिसळतात. ते त्या वायूंना गिळत राहते, आणि गिळता गिळता स्वतः संपत जाते. तापमान दर 10 अंशांनी चढले की अशा क्रियांचा वेग साधारण दुप्पट, कधी तिप्पट होतो. ज्या मुलखात मे महिन्यात पारा 45 अंशांना जाऊन भिडतो, तेथे स्थिरक किती शिल्लक आहे हे मुदतीने पाहणे अपरिहार्य आहे. ते पाहावयाचे तर नमुन्याची काडतुसे उकलावी लागतात. दारूशी व्यवहार करणाऱ्यांची जोखीम केवढी असते, हे या जिल्ह्याला सांगावे लागत नाही: 24 जानेवारी 2025 रोजी जवाहरनगरच्या कारखान्यात झालेल्या स्फोटात आठ जणांनी प्राण गमावले, आणि त्या सकाळची आठवण आजूबाजूच्या गावांत अजून ओली आहे.

हत्याराची निवड म्हणजे बळ कोणत्या प्रकारे लावावयाचे याची निवड होय. पहिला प्रकार जडत्वाचा. पोकळ डोक्याच्या, बहुधा प्लॅस्टिकच्या हातोडीत काडतूस असे अडकवितात की त्याच्या बुडाची कड जबड्यात पकडली जाते आणि गोळीचे टोक आपटणाऱ्या बाजूकडे राहते. हातोडी कठीण पृष्ठावर आपटली की पुंगळी थांबते, गोळी मात्र पुढे निसटते. थोडा हिशेब मांडून पाहू. मानेची पकड 27 किलोग्रॅम वजनाच्या ओढीइतकी आहे असे धरले, तर 9.5 ग्रॅमच्या गोळीला सुटण्यासाठी गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 2,800 पट मंदन मिळावयास हवे. हातोडी सेकंदाला 5 मीटर वेगाने येत असेल, तर एवढ्या मंदनासाठी ती अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी अंतरात थांबली पाहिजे. म्हणूनच सतरंजीवर, गादीवर वा मऊ लाकडावर कितीही आपटले तरी गोळी हलत नाही. लाकडी ओंडक्याचे उभ्या धाग्यांचे टोक किंवा फरशीच पाहिजे. याच हिशेबाचे दुसरे फलित असे, की गोळी जितकी हलकी तितकी ती सोडविणे कठीण. 5.56 मिलिमीटरच्या 4 ग्रॅमच्या गोळीला तीच पकड सुटावयास सुमारे 6,800 पट मंदन लागेल, आणि थांबण्याचे अंतर मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यावर येईल. जड गोळी स्वतःच आपल्या सुटकेला हातभार लावते. हलकीला पुनःपुन्हा घाव सोसावे लागतात.

दुसरा प्रकार सरळ ओढीचा. लेथवर काम करणाऱ्यांना परिचित असलेली कोलेट, म्हणजे चिरा पाडलेली पोलादी नळी, काडतुसे भरण्याच्या प्रेसच्या माथ्यावर बसवितात. काडतूस खालून वर येते, कोलेट गोळीभोवती आवळली जाते आणि तरफ उलट नेताना पुंगळी मागे सरते. येथे आघात नाही, दारू सांडत नाही, आणि काडतुसे पुष्कळ असतील तर हात दुखत नाहीत. मात्र कोलेटला धरावयास गोळीचा नळकांड्यासारखा सरळ भाग पुंगळीबाहेर पुरेसा उघडा असला पाहिजे. पिस्तुलाच्या आखूड गोळीवर किंवा नुसत्या शिशाच्या मऊ गोळीवर ती घसरते, नाहीतर गोळीलाच चेपते. शिवाय प्रत्येक जाडीला कोलेट वेगळी घ्यावी लागते. लष्करी काडतुसाच्या मानेत ओल शिरू नये म्हणून डांबरी लेप दिलेला असतो, आणि जुन्या काडतुसांत गोळीचे तांबे व मानेचे पितळ एकमेकांस जणू डकून बसलेले असते. अशा वेळी गोळी आधी केसभर आत दाबून तो लेप मोडावा आणि मगच ओढावी, हा अनुभवी हातांचा शिरस्ता. माझे मत असे, की ज्याला तपासणीसाठी एकाच जातीची शेकडो रायफल-काडतुसे उकलावयाची आहेत त्याने कोलेटवाचून दुसऱ्या कशाचा विचारच करू नये, आणि ज्याला नाना जातींची थोडीथोडी उकलावयाची आहेत त्याला हातोडी पुरे.

काही काडतुसांना मात्र हातोडी वर्ज्यच. नेमबाजीच्या सरावात वापरले जाणारे .22 चे काडतूस, ज्याने 2024 साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्निल कुसाळेने कांस्यपदक मिळविले, त्याला बुडाशी वेगळी टोपी नसते. पेट घेणारे मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेले असते, आणि हातोडीचा जबडा नेमकी तीच कड धरतो. तसेच ज्या गोळ्यांच्या पोटात प्रकाशरेखा उमटविणारे वा आग लावणारे मिश्रण असते, त्यांना आघात देणे धोक्याचे आहे. अमेरिकेत हौशी नेमबाज घरच्या घरी काडतुसे भरतात व उकलतात. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्यावाचून दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे हे हत्यार येथे प्रामुख्याने कारखान्यांत आणि प्रयोगशाळांतच शोभते.

गोळी सुटली म्हणजे काम संपत नाही. हातोडीच्या पोकळीत गोळी व दारू एकत्रच पडलेली असतात. मऊ टोकाची गोळी चेपू नये म्हणून तळाशी स्पंजचा तुकडा आधीच ठेवलेला बरा. मग गोळी एका ताटलीत, पुंगळी दुसरीत, आणि दारू कागदावर. उजेडात तिचे दाणे करड्या, किंचित चकाकणाऱ्या मोहरीसारखे दिसतात. ती चकाकी ग्रॅफाइटच्या लेपाची, जो दाण्यांवर स्थिर विद्युत साचू देत नाही. कागद हलकेच दुमडून दारू तराजूच्या पारड्यात ओतावी, पुंगळीच्या कडेला चिकटून राहिलेला शेवटचा दाणा मऊ कुंचल्याने झटकून त्यात मिळवावा, आकडा स्थिर झाला की नोंदवहीत लॉटच्या क्रमांकासमोर तो मांडावा, आणि मगच पुढचे काडतूस हाती घ्यावे.