दशावतारी काकांकडून शिकलो चेहऱ्याचा फोटो



मागच्या वर्षी आमच्या बचत गटातली एक मावशी गेली. बाराव्याला हार घालायला फोटो हवा होता. घरभर शोधलं. मिळाला तो आधार कार्डावरचा, आणि गटाच्या सभेतला एक, त्यात मागच्या रांगेत अर्धा चेहरा. आम्हा बारा जणींपैकी आठ जणींकडे मोबाइल. त्यांत गणपती, भातलावणी, नातवंडं सगळं होतं. आम्हीच नव्हतो. तेव्हा ठरवलं, चेहऱ्याचा फोटो काढायला शिकायचं.

पण शिकायचं कुणावर? एकमेकींवर करून बघितलं. कुणी पदर तोंडावर घेई, कुणी म्हणे, "माझं मेलीचं काय काढतेस?" मग मुंबईला शिकणाऱ्या एकीच्या लेकीने सांगितलं, तिकडे कॉमिक कॉन नावाचा मेळा भरतो. तरुण मुलं सिनेमातल्या, चित्रकथांतल्या पात्रांचे वेष करून येतात. त्याला कॉस्प्ले म्हणतात. फोटो शिकणारे त्यांच्याबरोबर सराव करतात, कारण वेष केलेल्या माणसाला आपला फोटो हवाच असतो. तो लाजत नाही, उभं कसं राहायचं ते त्याला ठाऊक असतं.

आम्ही सिंधुदुर्गातल्या. कॉस्प्ले आणि दशावतार एक नव्हे, पण वेष करणारी माणसं आमच्याकडे दर जत्रेला येतात. कंपनीच्या मालकांना आधी विचारलं आणि कलाकार रंगायला बसले तेव्हा चौघी जणी गेलो. दशावतारी आपला रंग आपणच लावतात. समोर छोटा आरसा, बाजूला पेटारा.

पहिला धडा राजाचं सोंग घेणाऱ्या काकांनी दिला. आमच्यातल्या एकीने न सांगताच फोटो काढला. काका म्हणाले, "आधी इचारा, मगे काढा." अर्ध्या रंगलेल्या चेहऱ्याचा फोटो त्यांना नको होता. तो त्यांच्यासमोरच पुसला.

दुसरा धडा उजेडाचा. बल्ब डोक्यावर होता, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळोख. मालकांना विचारून तो बल्ब काकांच्या समोर, थोडा एका बाजूला आणि डोळ्यांहून जरा वर टांगला. दुसऱ्या बाजूला पांढरं धोतर धरलं. त्यावरून उजेड परतून सावली मऊ झाली. फ्लॅश बंदच ठेवला, त्याने चेहरा सपाट दिसतो. पिवळा बल्ब आणि पांढरी ट्यूब एकत्र असली तर चेहरा दोन रंगांचा येतो, म्हणून एकच ठेवावी.

तिसरा धडा अंतराचा. मुकुट सगळा यावा म्हणून आम्ही मोबाइल वर धरत होतो. काका म्हणाले, "मुकुट नको, डोळे बघा." मोबाइल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आणला. फार जवळ गेलं की नाक मोठं येतं, म्हणून दोन पावलं मागे सरलो. पडद्यावर डोळ्यांवर बोट टेकवलं, की डोळे स्पष्ट येतात.

चौथा धडा संकासुराचा. त्याचा वेष सगळा काळा. मोबाइलला वाटतं अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो आणि काळ्याची राख होते. बोट टेकवल्यावर बऱ्याच मोबाइलवर सूर्याची खूण येते, ती खाली ओढली की काळं काळंच राहतं.

खरी परीक्षा सकाळी झाली. काकांनी रंग उतरवला, साधा सदरा घातला. आम्ही म्हटलं, "काका, आता एक असाच काढू?" रात्री राजासारखे बसलेले काका लाजले, हात कुठे ठेवू कळेना. अगदी आमच्या मावश्यांसारखे! तेव्हा उमगलं, रात्री अर्धं काम वेषाने केलं होतं. साध्या माणसाचं ते काम आपल्याला करावं लागतं. मग काकांना पेटारा बांधायला सांगितलं, गावच्या शेतीचं विचारलं. बोलता बोलता त्यांनी मान वर केली, तोच फोटो त्यांना आवडला. दोन्ही फोटो छापून कंपनीकडे पोचवले.

नंतर गटातल्या एकेकीला पडवीत दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसवलं. हातात सूप, नाहीतर निवडायची भाजी. गप्पा चालू. मोबाइलमधलं चेहरा गोरा करणारं 'ब्युटी' बंद केलं. काढलेला फोटो आधी तिला दाखवला, तिला पटला तोच ठेवला. सगळ्यांत थोरल्या आजींनी स्वतःचा फोटो खूप वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "ही माझ्या आयशीसारखी दिसते."

मैत्रिणींनो, पुढच्या सभेआधी अर्धा तास काढा. मोबाइलची काच मऊ कापडाने पुसा. गटातल्या सगळ्यांत वयस्कर बाईंना विचारा, त्या हो म्हणाल्या तर दाराशी बसवा. आणि तो फोटो नुसता मोबाइलमध्ये ठेवू नका. छापून त्यांच्या हातात द्या.