घराच्या उंबऱ्यावरचा संगणक

घरातल्या कोणकोणत्या वस्तू इंटरनेटला जोडलेल्या आहेत याची यादी करायला एकदा बसा. आम्ही बसलो तेव्हा वाटले होते, चार मोबाईल आणि एक संगणक, संपले. प्रत्यक्षात आकडा अकरावर गेला. टीव्ही निघाला, प्रिंटर निघाला, दारावरचे दोन कॅमेरे, नवा इन्व्हर्टर आणि हौसेने आणलेला एक आवाजावर लागणारा दिवाही निघाला. मोबाईल आणि संगणक आपण निदान रोज हाताळतो. उरलेल्या सहा वस्तू दिवसरात्र कोणाशी काय बोलतात, हे मात्र घरात कोणालाच सांगता येईना.

म्हणून माळ्यावर धूळ खात पडलेला जुना संगणक आम्ही खाली काढला आणि त्याची फायरवॉल केली. तिला दीडेक वर्ष झाले. ते काम कसे चालते, आम्ही कुठे अडखळलो आणि यातले वर्गात काय दाखवता येईल, ते या लेखात पाहू.

आधी नावाबद्दल. मराठीत याला काही जण ‘अग्निभिंत’ म्हणतात. त्यातून आगीची भिंत उभी केल्यासारखे वाटते. अर्थ नेमका उलटा आहे. एका घराची आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून मध्ये जी जाड भिंत बांधतात, ती ही फायरवॉल. संगणकाच्या जगात हा शब्द १९८०च्या दशकाच्या अखेरीस रुळू लागला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी ‘मॉरिस वर्म’ नावाचा, स्वतःच स्वतःच्या प्रती काढणारा प्रोग्रॅम इंटरनेटवर सुटला. तोवर एकमेकांना ओळखणाऱ्या विद्यापीठांचे खेळीमेळीचे गाव अशी जी इंटरनेटची कल्पना होती, तिला त्या दिवशी तडा गेला. दारे लावायची गरज तेव्हापासून उघड झाली.

आता भिंत अडवते काय, ते पाहू. इंटरनेटवरून कोणतीही गोष्ट अखंड येत नाही. तिचे लहान लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक पाकीट समजा. पाकिटावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा आयपी पत्ता असतो, आणि बहुतेक पाकिटांवर दोन्हीकडचे ‘पोर्ट’ क्रमांकही असतात. पत्ता म्हणजे इमारत आणि पोर्ट म्हणजे खोली क्रमांक म्हटले तर चालेल. पोर्ट सोळा बिटांत लिहितात, म्हणून तो ० ते ६५,५३५ इतकाच असू शकतो. सुरक्षित वेबसाईट सहसा ४४३ वर, टेलनेट ही जुनी सेवा २३ वर, विंडोजची फायली वाटून घेण्याची सेवा ४४५ वर. साधी फायरवॉल पाकीट फोडत नाही. ती फक्त वरचा मजकूर वाचते आणि आपण दिलेल्या नियमांशी ताडून पाहते: सोडा किंवा अडवा.

एवढ्या साध्या तपासणीने काय साधणार, असे वाटेल. २५ जानेवारी २००३ चे उदाहरण घ्या. त्या दिवशी ‘स्लॅमर’ नावाचा वर्म पसरला. त्याची लांबी होती फक्त ३७६ बाईट. देवनागरी मजकूर आज ज्या पद्धतीने साठवतात त्यात एका चिन्हाला तीन बाईट लागतात. म्हणजे अख्खा स्लॅमर सव्वाशे देवनागरी चिन्हांच्या जागेत, पर्यायाने एकाच पाकिटात, मावत होता. तो पोर्ट १४३४ वर येई आणि दहा मिनिटांत त्याने जगभरातल्या कमकुवत संगणकांपैकी बहुसंख्य गाठले. माणसाने बातमी वाचून काही करावे एवढाही वेळ नव्हता. पण ज्यांच्या उंबऱ्यावर ‘बाहेरून १४३४ वर येणारे काहीही आत सोडू नये’ एवढा एक नियम आधीच होता, त्यांच्याकडे ते पाकीट दारातच पडून राहिले.

इथे चौकस विद्यार्थी विचारेल की बाहेरचे सगळेच अडवले, तर वेबसाईटचे उत्तर आत कसे येणार? प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि साऱ्या विषयाचा गाभा त्यातच आहे. फायरवॉल एक वही ठेवते. घरातल्या मोबाईलने आपल्या ५१००० क्रमांकाच्या पोर्टवरून एका वेबसाईटच्या ४४३ वर पाकीट धाडले, की वहीत ओळ पडते: अमुक पत्ता, अमुक पोर्ट, तमुक पत्ता, तमुक पोर्ट. बाहेरून येणारे पाकीट या ओळीशी तंतोतंत जुळले तरच ते ‘उत्तर’ ठरते आणि आत जाते. काही काळ येणेजाणे थांबले की ओळ खोडली जाते. थोडक्यात, बोलणे कोणी सुरू केले हे फायरवॉलला आठवते. सोसायटीचा रखवालदार आपण मागवलेल्या जेवणाच्या डब्याला आत सोडतो आणि न मागवलेल्या विक्रेत्याला थांबवतो, तसेच हे. मात्र डब्यात काय आहे ते रखवालदार पाहत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

प्रत्यक्ष बांधणीला फार सामान लागत नाही. ६४ बिटांचा प्रोसेसर असलेला कोणताही बऱ्यापैकी संगणक आणि दोन नेटवर्क कार्डे. एक कार्ड बाहेरचे: त्यात इंटरनेट कंपनीच्या डबीतून आलेली वायर. दुसरे आतले: त्यातून निघालेली वायर स्विचला आणि तिथून घरभर. जुना वायफाय राऊटर फेकू नका. त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद केले की तो नुसता वायफायचा खांब म्हणून उत्तम चालतो. आम्ही ओपीएनसेन्स ही फ्रीबीएसडीवर बेतलेली, फुकट मिळणारी प्रणाली पेनड्राइव्हवरून चढवली. ती २०१५ पासून उपलब्ध आहे. चढवायला अर्धा तास पुरतो. तिचा मूळ पासवर्ड साऱ्या जगाला माहीत असल्याने पहिले काम तो बदलण्याचे.

आणि पहिल्याच संध्याकाळी आम्ही अडलो. दिवे लुकलुकत होते, वायरी ठीक होत्या, इंटरनेट मात्र नाही. कारण सापडायला दोन तास गेले. कंपनीच्या डबीचा पत्ता १९२.१६८.१.१ होता आणि आमच्या फायरवॉलने आतल्या बाजूला घेतलेला पत्ताही १९२.१६८.१.१ च. दोन्ही दारांबाहेर एकाच नावाची गल्ली! पाकीट कोणत्या दाराने काढायचे हे बिचाऱ्या यंत्राला कळणार कसे? आतल्या बाजूला १९२.१६८.१०.१ असा पत्ता दिला आणि सगळे सुरळीत झाले. हे १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९४ पासून खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, म्हणून ते घरोघरी तेच तेच दिसतात.

याच ओघात आयपीव्ही६ बद्दल सांगायला हवे. जुन्या पद्धतीचे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सुमारे ४३० कोटीच. ते अपुरे पडल्यामुळे सारे घर एकाच बाहेरच्या पत्त्याआड राहते आणि त्या टंचाईतून आपोआप थोडा आडोसाही मिळतो. नव्या पद्धतीत पत्ते १२८ बिटांचे आहेत. तिथे टंचाई नाही, म्हणून तो आडोसाही नाही. तुमच्या दिव्यालाही जगभरातून गाठता येईल असा स्वतःचा पत्ता मिळू शकतो. भारतात आयपीव्ही६ चा वापर मोठ्या प्रमाणावर होतो. तेव्हा अडवण्याचे नियम दोन्ही पद्धतींना लागू आहेत ना, हे जरूर तपासा.

नियमांचा क्रम हा वर्गात शिकवण्याजोगा उत्तम भाग आहे. आमच्या प्रणालीत यादी वरून खाली वाचली जाते आणि जो नियम पहिल्यांदा लागू पडेल तो अखेरचा. आम्ही तिसरे कार्ड बसवून कॅमेरे, टीव्ही वगैरे मंडळींना वेगळ्या जाळ्यात टाकले आहे. त्यांच्यासाठी पहिला नियम: कॅमेऱ्याकडून घरातल्या संगणकांकडे जाणारे अडवा. दुसरा: कॅमेऱ्याकडून बाकी कोठेही जाणारे सोडा. आता या दोन ओळींची अदलाबदल करा. ‘कोठेही सोडा’ आधी आले, म्हणजे त्यात घरातले संगणकही आले आणि ‘अडवा’ची पाळीच येत नाही. यादीत नियम दिसतो, पण तो मेलेला असतो. कागदाच्या चिठ्ठ्यांवर ‘कोणाकडून’, ‘कोणाकडे’, ‘पोर्ट’ लिहून पाकिटे करा, एका विद्यार्थ्याला दारात उभे करा, फळ्यावर नियम लिहा. एका तासात मुले अशी चूक स्वतःच शोधून काढतात आणि संगणकाची गरजही पडत नाही.

कॅमेऱ्यांना वाळीत टाकण्याचे कारण २०१६ मध्ये आहे. ‘मिराई’ या प्रोग्रॅमने इंटरनेटवरचे कॅमेरे आणि राऊटर धुंडाळले, टेलनेटच्या पोर्टवर कारखान्यातून आलेली साठेक नावे आणि पासवर्ड एकामागून एक लावून पाहिले आणि ज्यांनी ते बदलले नव्हते त्यांची यंत्रे ताब्यात घेतली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांच्या फौजेने डिन या अमेरिकन कंपनीवर पाकिटांचा मारा केला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या मोठ्या साईटही अनेकांना दिसेनाशा झाल्या. मालकांना मात्र आपला कॅमेरा असल्या उद्योगात आहे याचा पत्ताही नव्हता, कारण कॅमेरा चित्र दाखवतच होता.

फायरवॉल चोवीस तास चालते, म्हणून विजेचा हिशेब करायलाच हवा. जुना संगणक साधारण ६० वॅट घेतो असे धरा. दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३ युनिट. १० वॅटच्या छोट्या, बिनपंख्याच्या संगणकाला महिन्याला ७ युनिट पुरतात. फरक ३६ युनिटांचा. युनिटला आठ रुपये धरले तर महिना २८८ रुपये. म्हणजे जुन्या संगणकाचे ‘फुकट’ हे वर्षाला साडेतीन हजारांचे पडते. आम्ही सहा महिन्यांनी जुना संगणक शाळेच्या प्रयोगासाठी दिला असता, पण मोह सुटला नाही. तुम्ही त्या मोहात पडू नका.

देखभालीत मुख्य काम म्हणजे वेळच्या वेळी सुधारित आवृत्त्या चढवणे आणि दर बदलानंतर सगळ्या नियमांची फाईल दुसरीकडे उतरवून ठेवणे. उन्हाळ्यापूर्वी पंख्यातली धूळ काढा. वीज गेल्यावर यंत्र आपोआप सुरू होईल अशी सोय बायोसमध्ये असते, ती लावून घ्या. हे सगळे आम्ही केले होते. तरी गेल्या पावसाळ्यात फसलोच.

रात्रभर वीज नव्हती. सकाळी आली, फायरवॉल आपोआप सुरू झाली, पण एकही वेबसाईट उघडेना. नऊ वाजता मुलीच्या प्रवेश अर्जाची शेवटची मुदत होती. अखेर अर्ज मोबाईलच्या डेटावरून भरला आणि मग यंत्राकडे वळलो. त्याच्या नोंदींवर तारीख होती १ जानेवारी २००९! मदरबोर्डवरची, घड्याळ चालवणारी रुपयाएवढी बॅटरी संपली होती.

चुकीच्या तारखेने इंटरनेट का बंद पडावे? साखळी अशी होती. वेबसाईटच्या नावावरून पत्ता शोधताना उत्तरावरची सही तपासण्याची सोय आम्ही मुद्दाम चालू केली होती. अशा सहीला ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. २००९ सालात वावरणाऱ्या यंत्राला आजच्या सगळ्या सह्या अजून सुरूच न झालेल्या वाटल्या आणि त्याने प्रत्येक उत्तर खोटे ठरवले. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप लागते हे खरे, पण त्यासाठी वेळ सांगणाऱ्या संगणकाचा पत्ता हवा आणि तो नावावरूनच शोधायचा होता. वेळ नाही म्हणून नाव सापडत नाही, नाव सापडत नाही म्हणून वेळ कळत नाही. बायोसमध्ये तारीख हाताने घालताच गाठ सुटली. नंतर सीआर२०३२ बॅटरी बदलली आणि वेळ देणाऱ्या एका संगणकाचा पत्ता नावाऐवजी आकड्यांत लिहून ठेवला.

तेव्हा एक स्पष्ट सांगतो. कंपनीच्या डबीतही साधी फायरवॉल असते. महिन्याकाठी एखादा तास देण्याची तयारी नसेल, तर तीच बरी. विसरलेली फायरवॉल ही नसलेल्या फायरवॉलपेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर आपण निर्धास्त असतो.

आणि तिला जमत नाही असे पुष्कळ आहे. फसव्या दुव्यावर घरातल्या कोणी बोट ठेवले तर बोलणे आतून सुरू झालेले असते. वहीत ओळ पडते आणि उत्तर मानाने आत येते. डब्यात काय आहे ते रखवालदार पाहत नाही, असे मघाशी म्हटले ते हेच. आजची बहुतेक पाकिटे सांकेतिक लिपीत असल्याने पाहू म्हटले तरी काही दिसत नाही. फोनवर ओटीपी सांगणाऱ्याला किंवा पेनड्राइव्हवरून आलेल्या रोगाला ती काय करणार?

मग दिसते काय? अडवलेल्या पाकिटांच्या नोंदी दिसतात. फायरवॉलच्या बाहेरच्या कार्डाला सार्वजनिक पत्ता मिळत असेल, तर एका रात्रीच्या नोंदी छापून वर्गात न्या. त्या पत्त्याचे आकडे मात्र आधी खोडा. पत्ता १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर कंपनीने तुम्हाला आणखी एका आडोशामागे ठेवले आहे आणि नोंदी फारशा मिळणार नाहीत. मुलांना कोणत्या पोर्टवर किती टकटक झाली याचा तक्ता करू द्या. आमच्या तक्त्यात टेलनेटचा २३ नेहमी वरच्या क्रमांकांत असतो. अशी दारे आपणही वाजवून पाहावीत असे एखाद्याला वाटेल. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार गुन्हा आहे, हे त्याच तासाला सांगून टाका. स्वतःचे दार मात्र मोबाईलच्या डेटावरून, म्हणजे बाहेरून, जरूर वाजवून पाहा. आम्ही पाहिले तेव्हा प्रिंटर उघडा सापडला होता.