गावचा लेखक, गावची नभोवाणी

माणगंगेच्या काठचा माणदेश पावसाला पारखा असला, तरी शब्दांना कधीच पारखा नव्हता. माडगूळच्या एकाच घराने ग. दि. आणि व्यंकटेश माडगूळकर हे दोन बंधू मराठी साहित्याला दिले. आटपाडीने शंकरराव खरात दिले. गदिमांचे 'गीतरामायण' १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून घरोघर पोहोचले. व्यंकटेश माडगूळकरांनीही त्याच केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमांसाठी अनेक वर्षे काम केले. मात्र त्यासाठी माणदेशच्या माणसाला पुणे गाठावे लागले. २००८ मध्ये सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे 'माणदेशी तरंग वाहिनी' हे सामुदायिक नभोवाणी केंद्र सुरू झाले आणि ध्वनिक्षेपकच माणदेशात आला. देशात अशी शेकडो केंद्रे आहेत. स्थानिक साहित्यिकांच्या मुलाखती हा अशा केंद्रांना सहज साधणारा आणि मोलाचा कार्यक्रम होय.

केंद्राचे स्वरूप

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. त्यानंतर २००२ च्या धोरणाने शिक्षणसंस्थांना, तर २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही सामुदायिक नभोवाणीची दारे खुली झाली. अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती सामान्यतः १०० वॉटपर्यंत मर्यादित असते. त्यामुळे आवाज आसपासच्या काही गावांपुरताच पोहोचतो. परंतु ही मर्यादा हेच त्याचे बळ आहे. बोलणारा आणि ऐकणारा एकाच बाजाराला जाणारे असतात. किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेले असावेत आणि ते शक्यतो स्थानिक बोलीत असावेत, अशी नियमांचीच अपेक्षा आहे.

मुलाखतीची तयारी

साहित्यिक म्हणजे केवळ ग्रंथ प्रसिद्ध झालेली व्यक्ती नव्हे. भजनी मंडळासाठी पदे रचणारे वृद्ध गृहस्थ, जात्यावरच्या ओव्या जुळविणारी आजी, गावचा इतिहास वहीत उतरवून ठेवणारे निवृत्त शिक्षक हे सर्व या कार्यक्रमाचे मानकरी ठरतात.

मुलाखतकाराने लेखन आधी वाचलेले असावे. ते लिखित नसेल, तर घरी जाऊन ऐकलेले असावे. 'आपण केव्हापासून लिहिता?' यासारख्या प्रश्नाला उत्तरादाखल केवळ एक सालच मिळते. त्याऐवजी 'या कथेतील विहीर कोणती?' असे विचारले, तर विहीर, तिच्यावरील मोट, दुष्काळात आटलेले पाणी आणि गाव सोडून गेलेली माणसे आपोआप बोलण्यात येतात. लेखकाने प्रमाण भाषेतच बोलावे, असा आग्रह धरू नये. बोलीतील एखादा अपरिचित शब्द आला, तर त्याचा अर्थ लेखकाकडूनच वदवून घ्यावा. शब्दकोशात न सापडणारे कितीतरी शब्द अशा वेळी हाती लागतात.

श्रोत्याला मागचे पान उलटता येत नाही, हे सतत ध्यानात ठेवावे लागते. म्हणून वाचन दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नये आणि पाहुण्याचे नाव अधूनमधून पुन्हा सांगावे. ध्वनिमुद्रण घरी करावयाचे असल्यास पंखा बंद ठेवावा; भिंतींवर गोधड्या टांगल्या तरी खोलीतील घुमारा पुष्कळ कमी होतो.

लेखी संमती

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार साहित्यकृतीचे हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे अबाधित राहतात. प्रकाशित साहित्याच्या प्रक्षेपणाचे हक्क प्रकाशकाकडे असतील, तर लेखकाची संमती पुरेशी ठरत नाही. म्हणून वाचनास, प्रक्षेपणास आणि ध्वनिमुद्रणाच्या जतनास लेखी परवानगी अगोदरच घेणे इष्ट होय.

जतनाची जबाबदारी

खरा प्रश्न प्रक्षेपणानंतर उद्भवतो. प्रक्षेपित कार्यक्रम केंद्राने तीन महिने जपून ठेवावा, एवढेच नियमाचे बंधन आहे. पुढे जागेअभावी तो पुसला गेला, तर नियमभंग होत नाही. परंतु गावाचा ठेवा मात्र जातो. खानदेशातील बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. घरच्या मंडळींनी त्यांची गाणी टिपून ठेवली, म्हणूनच त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती ग्रंथरूपाने महाराष्ट्रापुढे आली. जी टिपली गेली, तीच उरली.

आज टिपून घेण्याचे साधन हाताशी आहे. उणीव आहे ती व्यवस्थेची. प्रत्येक मुलाखतीची एक प्रत गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात आणि दुसरी शाळेत ठेवावी. तिच्यासोबत लेखकाचे नाव, गाव, दिनांक, मुलाखतकाराचे नाव आणि संमतीपत्र यांची नोंद असावी. ग्रामपंचायतीने आपल्या परिसरातील लिहिणाऱ्या आणि रचणाऱ्या व्यक्तींची यादी करून केंद्राकडे द्यावी आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून प्रश्न तयार करवून घ्यावेत. यास मोठा खर्च येत नाही. यादी करताना मात्र सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीचे नाव प्रथम लिहावे आणि पहिली मुलाखत तिचीच घ्यावी. कारण तिच्या मुखातील ओव्या अद्याप कोठेही लिहिल्या गेलेल्या नसतात.