कपाशीच्या शेतात यांत्रिक हात : काय साधेल, काय नाही

वणी परिसरातील काळ्या जमिनीत कपाशी हे मुख्य पीक आहे. सर्व बोंडे एकाच वेळी फुटत नसल्याने तीन-चार वेचे करावे लागतात. पहिल्या वेच्याच्या सुमारास सोयाबीनची काढणी व रब्बीची पेरणीही आलेली असते. मजूर मिळेपर्यंत कापूस झाडावरच राहतो. त्यात अवेळी पाऊस आला की कापूस भिजून पिवळा पडतो व भाव उतरतो. म्हणून वेचणीसाठी स्वस्त यांत्रिक हात बनविता येईल काय, हा प्रश्न आज विचारला जातो. त्याचा हिशेब येथे मांडला आहे.

यांत्रिक हात म्हणजे काय?

आपल्या हाताला जसा खांदा, कोपर व मनगट असते तसेच सांधे या यंत्राला असतात. प्रत्येक सांध्यावर एक विद्युत मोटर आणि टोकाला चिमटा असतो. कोणता सांधा किती फिरवायचा हे लहान संगणक ठरवितो. कारखान्यातील असा पहिला यंत्रमानव ‘युनिमेट’ अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात १९६१ साली कामाला लागला. तो तापलेले ओतीव भाग उचलीत असे. आता लहान मोटरी व संगणक स्वस्त झाल्याने असे छोटे हात महाविद्यालयांच्या कार्यशाळांतही तयार होतात.

मोटर किती ताकदीची हवी?

लांब काठीच्या टोकाला घागर टांगली तर मनगटाला जोर पडतो, तोच नियम येथे लागू होतो. हात ५० सें.मी. लांब असून टोकाला चिमटा व कापूस मिळून २०० ग्रॅम वजन असेल, तर खांद्यावर १० किलो-सें.मी. जोर येतो. हाताचे स्वतःचे ३०० ग्रॅम वजन मध्यावर धरल्यास आणखी ७.५ वाढतो. एकूण १७.५ झाले. झटके व झीज लक्षात घेऊन मोटर याच्या दुप्पट, म्हणजे ३५ किलो-सें.मी. क्षमतेची घ्यावी. खेळण्यांच्या लहान मोटरी येथे टिकणार नाहीत.

खरी अडचण कोठे आहे?

एका बोंडातील कापूस साधारण ४ ग्रॅम भरतो. तेव्हा वजन उचलणे अवघड नाही. अवघड आहे ते बोंड ओळखणे. ऊन-सावलीत चकाकणारे पान, अर्धवट फुटलेले बोंड, कीडग्रस्त कवडी व पूर्ण उमललेला कापूस यांतील फरक वेचणारी बाई एका नजरेत ओळखते. यंत्राला तो कॅमेऱ्याने शिकवावा लागतो. शिवाय फांद्यांच्या आड चिमटा अडकतो.

आता वेगाचा हिशेब पाहा. एका बोंडाला ५ सेकंद लागले तर तासाला ७२० बोंडे, म्हणजे सुमारे २.९ किलो कापूस निघेल. आठ तासांत २३ किलो. तेही एकही बोंड न चुकता. आपल्या शेतावरील सराईत वेचणारीच्या दिवसभराच्या वजनाशी ही संख्या ताडून पाहावी.

परदेशातील मोठी वेचणी यंत्रे वेगवान आहेत. परंतु त्यांना मोठी शेते, सारख्या उंचीची झाडे, एकदम फुटणारी बोंडे व वेचणीपूर्वी पानगळ आवश्यक असते. आपल्या लहान तुकड्यांत व अनेक वेच्यांत ती बसत नाहीत. येथे यांत्रिक हाताची बाजू जमेची आहे. तो फुटलेले तेवढेच बोंड वेचून बाकीचे पुढील वेच्यासाठी ठेवू शकतो.

आधी कोठे वापरावा?

वस्तू जेथे हातापाशी चालत येते तेथे काम सोपे होते. रोपवाटिकेत ट्रेमध्ये बी टाकणे, रोपे उचलून ठेवणे व फळांची प्रतवारी ही कामे प्रथम घ्यावीत. छप्पर, सपाट जागा व सारखा उजेड मिळाल्याने यंत्र कमी चुकते.

फवारणीचे उदाहरण वेगळे आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. माणूस व फवारा यांत अंतर ठेवणे अत्यंत गरजेचे आहे. परंतु त्यासाठी महागडा हात लागत नाही. गाड्याच्या मागे आडव्या दांडीवर नोझल बसविले व वारा पाहून फवारले तरी बरेचसे साधते. साध्या अवजाराने भागते तेथे यंत्रमानव आणू नये.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

१) प्रात्यक्षिक आपल्याच शेतात, भर उन्हात व धुळीत मागावे.
२) तासाला किती किलो कापूस निघाला व त्यात पालापाचोळा किती, हे वजन करून पाहावे.
३) मोटर जळाल्यास ती वणी किंवा यवतमाळच्या बाजारात मिळेल काय, हे विचारावे.
४) बॅटरी दिवसभर पुरावी. १२ व्होल्टवर ६० वॅटचे यंत्र आठ तास चालविण्यास ४० अँपिअर-तास लागतात. शिसे-आम्लाची बॅटरी अर्धीच वापरणे हिताचे असल्याने ८० ची घ्यावी.
५) वेचणीचा हंगाम काही महिन्यांचाच असतो. एकट्याने न घेता गटाने घेऊन भाड्याने फिरवावे.

वेचणीच्या मजुरीवर गावातील अनेक भूमिहीन बायांचे घर चालते, याचा विसर पडू नये. यंत्र गावात आलेच, तर ते चालविण्याचे व दुरुस्तीचे शिक्षण प्रथम त्यांना द्यावे. पऱ्हाटीची त्यांच्याइतकी पारख दुसऱ्या कोणाला नाही.